लांब नावांच्या कविता

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे विश्वस्त, सन्माननीय पाहुणे, ध्वनिमुद्रण विभागातले वाचक मित्र आणि मैत्रिणी, ब्रेलच्या बाई, समोर बसलेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक, आजचे सत्कारमूर्ती आपले कुलूपकाका, आणि त्यांच्या शेजारी बसून त्यांना सारखं ‘ताठ बसा’ असं सांगणाऱ्या वहिनी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘ज्येष्ठ साहित्यप्रेमी’ असं छापलं आहे. त्यातलं ज्येष्ठ तेवढं खरं. बाकी मी शाळेत भाषा शिकवणारा मास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कविता फळ्यावर लिहिल्या आणि तास संपला की पुसल्या. आज सभागृहात शिरलो, खुर्च्यांच्या रांगा पाहिल्या, आणि हात आपोआप डस्टर शोधायला लागला. सवय जात नाही.

मघाशी माझं नाव पुकारलं तेव्हा इथे जरा जास्तच शांतता झाली. ती का झाली हे मला कळतं, तुम्हालाही कळतं, मग उगाच आडपडदा कशाला? माझ्या पत्नीने या बोलत्या ग्रंथालयासाठी कविता वाचल्या होत्या. त्या सांभाळायचं काम कुलूपकाकांकडे होतं. त्या कविता गेल्या. तीही आता नाही. अशा माणसाच्या निरोपाला अशा नवऱ्याला बोलायला उभं करायचं, म्हणजे संयोजकांचं धाडसच म्हणायचं! पुढच्या रांगेतले दोन विश्वस्त मला खुणेने ‘सांभाळून’ असं म्हणताहेत. सांभाळूनच बोलेन. पण बोलू द्या.

पाहुण्यांसाठी थोडी ओळख करून देतो. ज्या मुलांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी हे ग्रंथालय. डोळस माणसं मुद्रणाच्या खोलीत बसून पुस्तकं वाचतात आणि मुलं कानाला यंत्र लावून ती ऐकतात. हे सगळे आवाज जिन्याखालच्या खोलीतल्या संगणकात राहतात. ती खोली इतकी थंड की कुलूपकाका भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायचे, आणि मुलं बाहेरून दाराला गाल लावून उभी राहायची. दार थंडगार लागायचं ना! मग आतून आवाज यायचा, “कुलूप आहे रे बाळांनो!” नाव पडलं ते तिथून. खरं नाव आज पत्रिकेत पहिल्यांदा वाचलं, आणि क्षणभर वाटलं, हे कोण गृहस्थ?

आमच्या हिचं आणि त्यांचं पहिलं भांडण झालं ते नावावरूनच. कविता वाचून ही बाहेर आली आणि म्हणाली, फाइलीचं नाव कवितेची पहिली ओळ असं ठेवा. पूर्ण ओळ.

“बाई, नाव जरा आटोपशीर ठेवू या,” कुलूपकाका म्हणाले. “आठवी, कविता, चौदा. झालं.”

“कवितेला चौदा म्हणून कोण हाक मारतं?”

“अहो, पण एवढी लांब नावं यंत्राला पचायची नाहीत.”

“मग त्याला चावून खायला सांगा.”

तिचं म्हणणं चुकीचं होतं का? तुम्हीच सांगा. आपण कविता कशी आठवतो? शीर्षकाने? छे! ‘ती नाही का, अमक्याने सुरू होणारी’ असंच म्हणतो की नाही? आणि ही मुलं तर यादी ऐकतात. कळ दाबली की यंत्र एकेक नाव बोलून दाखवतं. आठवी कविता चौदा, आठवी कविता पंधरा, हे ऐकून कुणाच्या मनात काय उमटणार? पण यंत्राने म्हटलं, ‘उन्हे पांगली, पाखरे दूर गेली, तरी अंगणी कोण थांबून राही’, की मूल तिथेच थांबतं. शिकवून थकलो, तरी मला हा थांबण्याचा क्षण वर्गात कधी हुकमी आणता आला नाही. तिने तो नुसत्या यादीत आणला.

कुलूपकाकांनी आठवडाभर कुरकुर केली, मग तसं नाव देऊन पाहिलं. फाइल उघडली, बंद झाली, पुन्हा उघडली. यंत्राने निमूटपणे पचवलं. ते स्वतः तिला येऊन म्हणाले, “तुम्ही जिंकलात बाई.” त्या दिवसापासून प्रत्येक कविता आपल्या पूर्ण ओळीनिशी त्या थंड खोलीत राहायला गेली.

आता थोडा रुक्ष भाग येतो, पण तो टाळला तर कुलूपकाकांवर अन्याय होईल. संगणकाच्या डिस्कवर जे असतं ते कधी ना कधी जातं. म्हणून त्याची एक प्रत टेपवर घेऊन कपाटात ठेवतात. आपल्याकडची प्रणाली युनिक्स नावाच्या जुन्या घराण्यातली, आणि त्या घराण्यात टेपवर सामान बांधून ठेवणारं एक अवजार आहे, त्याला टार म्हणतात. हजारो फाइली घ्यायच्या, एक गाठोडं बांधायचं, वरून गाठ. घर बदलताना आपण करतो तसंच. फार जुनं, फार विश्वासाचं. कुलूपकाका त्याच्याबद्दल घरच्या जुन्या गड्यासारखं बोलायचे.

पण त्या जुन्या टारची एक खोड होती. फाइलीचं नाव लिहायला त्याच्याकडे फक्त शंभर घरं. चौकटीच्या वहीत असतात तशी. इंग्रजीचं एक अक्षर एका घरात मावतं. आपलं अक्षर मात्र ऐसपैस, ते तीन घरं अडवतं. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांचा संसार वेगळा, त्यांनाही प्रत्येकी तीन. त्यात कप्प्याचं नावही धरायचं. मग कवितेची ओळ कुठवर जाणार? पाखरे दूर जाईपर्यंत घरं संपली!

डिस्कला ही अडचण नव्हती, म्हणून पाहून घेतलं तेव्हा सगळं ठीक दिसलं. अडचण टेपवर बांधताना यायची. एखादं नाव बसलं नाही की टार पुटपुटायचा, ‘हे फार लांब आहे, घेत नाही’, आणि पुढच्या फाइलीकडे वळायचा. तो ओरडला असता तर? काम टाकून बसला असता तर? पण जुना गडी! शेवटी अदबीने सांगायचा, काम पूर्ण झालं. आणि खरं सांगा, काम पूर्ण झालं असं सांगणाऱ्याला आपल्यापैकी किती जण विचारतात की बाबा, मध्ये काय पुटपुटलास?

कुलूपकाका निष्काळजी नव्हते, हे मला या सभागृहात मोठ्याने म्हणायचं आहे. ते टेपवरून फाइल परत काढून पाहायचे. नेमाने पाहायचे. त्यासाठी त्यांनी एक फाइलच करून ठेवली होती, तिचं नाव ‘चाचणी’. ती दर वेळी सुखरूप परत यायची. का नाही येणार? एवढंसं नाव!

आणि मग डिस्क गेली. एका सकाळी तिच्यातून खरखर ऐकू आली, खडू फळ्यावर वाकडा धरला की येते तशी. कुलूपकाकांनी यंत्र बंद केलं, नवी डिस्क बसवली, कपाटातून टेप काढली आणि गाठोडं सोडलं. मुलांनी यादी लावली. लहान वर्गांची गाणी आली. ओव्या बऱ्याचशा आल्या. भूगोल आला, इतिहास आला, विज्ञान तर तक्त्यांसकट आलं. पण वरच्या वर्गांच्या कविता येईनात. मी नंतर यादी ऐकली, तेव्हा मास्तरच्या कानाला कळलं काय झालंय ते. छोट्या ओळींच्या, इतरांच्या आवाजातल्या कविता बचावल्या होत्या. ज्यांना दीर्घ श्वास लागतो त्या, म्हणजे हिच्या सगळ्या, गेल्या होत्या. भुजंगप्रयात गेलं. मंदाक्रांता गेली. शार्दूलविक्रीडिताचा तर मागमूस नव्हता. वृत्त बघून नेल्यासारखं.

त्या दुपारी कुलूपकाका माझ्या घरी आले. चपला न काढता दारातच उभे राहिले.

“गुरुजी, मी आधी सांगतो. मग बसायला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.”

चेहरा असा, की मला वाटलं कुणीतरी वारलं. मी विचारलं, “कोण गेलं हो?”

ते म्हणाले, “बाई.”

मी म्हटलं, “काका, तिला जाऊन वर्ष होत आलं.”

“नाही गुरुजी. आज गेल्या.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. दारात उभ्यानेच. शंभर घरं, तीन घरं, चाचणी, सगळं. एकाही वाक्यात त्यांनी अवजाराला पुढे केलं नाही. ‘टारने सोडल्या’ असं म्हणता आलं असतं, पण ते ‘मी पाहिलं नाही’ असंच म्हणत राहिले. मी म्हटलं, बसा. ते बसले. चहा झाला. शेवटी तेच काकुळतीला आले. “रागवा ना हो काहीतरी!”

मी म्हटलं, “मास्तरला रागवायला गृहपाठ न केलेला मुलगा लागतो. तुम्ही रोज केलात. मी कशावर लाल शाई फिरवू?”

हे मी बोललो, आणि चांगलं बोललो असं मला तेव्हा वाटलं. पण ते गेल्यावर मी तिच्या खुर्चीकडे पाठ करून बसलो. कारण तुम्हाला एक सांगायचं राहिलं. ती गेल्यापासून मी अधूनमधून या ग्रंथालयात यायचो. ऐकण्याच्या खोलीत मुलांच्या मध्ये बसायचो आणि तिची एक कविता लावायचो. एकच, ती मघाची, उन्हे पांगणारी. घरी न्यायची सोय नव्हती, ग्रंथालयाचे आवाज बाहेर न्यायचे नाहीत हा आपला नियम. मला तो नियम आवडायचाही. तिला भेटायला घरातून निघावं लागायचं, धुतलेला शर्ट घालावा लागायचा. ‘पाखरे दूर गेली’ नंतर ती श्वास घ्यायची. त्या श्वासाच्या मागे, बाहेर रस्त्यावर, कुणाच्या तरी सायकलची घंटा वाजलेली आहे. इतक्यांदा ऐकलं की ती घंटा मला कवितेचाच भाग वाटायची.

पुढचं वर्षभर कुलूपकाकांनी काय केलं, ते अहवालात एका ओळीत आलंय. मी जरा जास्त सांगतो.

पहिलं म्हणजे, असं पुन्हा होऊ नये म्हणून त्यांनी एक कप्पा तयार केला. त्याला ते ‘वात्रट वर्ग’ म्हणायचे. त्यात मुद्दाम वाईटात वाईट फाइली भरलेल्या. भलत्याच लांब नावांच्या. नावाच्या मध्येच ओळ तुटलेल्या. आतून पोकळ असलेल्या. प्रत घेतानाच बदलत राहणाऱ्या. मग प्रती घेणारं एकेक अवजार आणायचं आणि त्या वर्गावर सोडायचं. मला ते पाहायला बोलवायचे, “या गुरुजी, आज नवे सर रुजू होताहेत.” एक सर लांब नावांची हजेरीच घेत नसत. दुसरे सर नाव अर्ध्यात कापत, त्यामुळे एकाच घराण्यातली दोन पोरं एक होऊन बसायची आणि एकाच्या जागी दुसरं घरी जायचं! तिसरे सर एका चुळबुळ्या मुलापाशी अडखळले ते वर्ग सोडूनच निघून गेले. चौथे सर खाली मान घालून सांगत, सगळे हजर. अहो, असे चारही प्रकारचे सहकारी मी शाळेत पाहिलेत! खूप दिवसांनी आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसता हसता ते म्हणाले, “हा वर्ग आधी भरवायला हवा होता,” आणि मग दोघांपैकी कुणालाच हसू येईना.

सगळ्या विषयांत उत्तीर्ण असं अवजार त्यांना एकही सापडलं नाही. त्यातल्या त्यात बरं होतं ते नेमलं, आणि त्याच्यावर विश्वास न ठेवण्याची शिस्त लावली. दर आठवड्याला टेपवरची एखादी फाइल परत काढायची, तीही सगळ्यांत लांब नावाची, आणि शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायची. उघडली म्हणून सोडायची नाही. परत आलेलं ऐकल्याशिवाय ‘ठेवलंय’ असं म्हणायचं नाही. त्यांच्या जागी येणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, बाकी काही विसरा, एवढं विसरू नका. आणि एक. नावं तोडली असती तर सगळा त्रास वाचला असता. विश्वस्तांनी तसं सुचवलंही होतं. कुलूपकाका म्हणाले, “बाईंची अट आहे. ती मोडायला मला बाईंचीच परवानगी लागेल.” नावं आजही पूर्ण आहेत.

आणि दुसरं म्हणजे, ती मेलेली डिस्क. ती पूर्ण मेली नव्हती. अधूनमधून चालायची, थोडं काही सांगायची, पुन्हा खरखरायची. पण चालवली की दर वेळी आणखी खरवडली जायची. म्हणजे तिला बोलतं करायचं तर तिला थोडं मारावं लागायचं. कुलूपकाका तिला अगदी थोडा वेळ चालवायचे, आजारी माणसाला चमच्याने पाणी पाजावं तसं. जे तुकडे हाती येत त्यांना नावं नसत. कुणाचं काय, काही कळायचं नाही.

एकदा त्यांचा फोन आला. “गुरुजी, काहीतरी आलंय. फार नाही हं.”

मी धुतलेला शर्ट घालून आलो. जिन्याखालच्या खोलीत त्यांनी मला खुर्ची दिली, अंगावर स्वतःचा स्वेटर टाकला, आणि कळ दाबली. “…तरी अंगणी कोण…” तिचा आवाज. अगदी तिचा. आणि लगेच एका खर्जातल्या गृहस्थाने सांगितलं, “या खडकात पाणी मुरत नाही.” भूगोल! दुसरा तुकडा आणखी लहान होता. त्यात कविताच नव्हती. मुद्रणाच्या खोलीतलं काहीतरी राहून गेलेलं. ती कुणाला तरी म्हणत होती, “पंखा बंद करा हो, पानं उडताहेत.”

“बस, एवढंच,” कुलूपकाका म्हणाले.

मी म्हटलं, “पुन्हा लावा.”

त्यांनी पुन्हा लावलं. किती वेळा, ते विचारू नका. ते बिचारे कळ दाबत राहिले, आणि मी पंखा बंद करा हो ऐकत राहिलो.

त्यानंतर काहीही आलं नाही. पण मला चटक लागली. मी आलो की दारातूनच विचारायचो, “काही?” ते म्हणायचे, “बघतोय.” बस. आमचा संवाद तेवढाच झाला. विश्वस्तांनीही माझा मान राखला. ठराव केला, की शोध चालू आहे तोवर त्या कविता दुसऱ्या कुणाच्या आवाजात वाचायच्या नाहीत. माझ्याबद्दलचा आदर म्हणून केला, त्यात कुणाचा दोष नाही. मला तेव्हा तो फार बरा वाटला.

पण गेल्या आठवड्यात माझ्याकडे दोन जणी येऊन गेल्या, आणि त्यांचं बोलणं डोक्यातून जात नाही.

पहिल्या आपल्या ब्रेलच्या बाई. तुम्हाला ठाऊक आहे, त्या इथल्याच विद्यार्थिनी, हिच्याच कविता ऐकून मोठ्या झालेल्या. आल्या, इकडचं तिकडचं बोलल्या, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाल्या, “काका, ज्या मुलांची नजर अलीकडेच गेलीय त्यांना ब्रेल अजून वाचता येत नाही. त्यांना कानाशिवाय दुसरं काही नाही. ती विचारतात, आठवीच्या कविता कधी बोलणार?”

“मग काय सांगता?”

“सांगते, शोधताहेत. ब्रेलवरून मी वाचू शकते काका. पण तुम्हाला विचारायला जीभ रेटत नव्हती. आणि बाईंसारखं मला जमणारही नाही.”

मी चहा ठेवायला उठलो. त्या चहा न घेता गेल्या.

दुसऱ्या आल्या त्या वहिनी. वहिनी, खाली बघू नका, मी सांगणारच आहे. आल्या त्या भांडायच्याच पवित्र्यात. “भाऊजी, यांचं काय करायचं तुम्हीच सांगा. निवृत्त होऊन ती डिस्क घरी आणायची म्हणताहेत! कार्यालयातल्या साहेबांची परवानगी घेऊन ठेवलीय. जेवणाचं टेबल हलवून तिथे त्या डिस्कचं टेबल मांडणार. मापंसुद्धा घेतलीत. अहो, सवत आणली असती तरी चाललं असतं, तिने निदान चहा तरी केला असता!”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“भाऊजी, हे सगळं ते तुमच्यासाठी करताहेत,” त्या म्हणाल्या. “त्यातून काही निघायचं नाही, हे त्यांना कळून चुकलंय. मला बोलले ते. पण तुम्ही ‘काही?’ म्हणून विचारता ना, तेव्हा नाही म्हणवत नाही त्यांना. त्या दिवशी घरी येऊन जेवत नाहीत.”

असं आहे, मंडळी. एक माणूस नाही म्हणू शकत नव्हता म्हणून शोधत होता. मी त्याला विचारत होतो म्हणून तो शोधत होता. आणि आमच्या दोघांच्या या सभ्यतेपायी बाहेर मुलं कानाला यंत्र लावून बसली होती, ज्यात काहीच वाजत नव्हतं.

कुलूपकाका, उभे राहू नका. बसूनच ऐका.

ती डिस्क घरी नेऊ नका. मलाही देऊ नका. मी ती उशाशी घेऊन बसेन, आणि वहिनींनी जे सोसलं ते घरी माझी मुलगी सोसेल. कार्यालयातलं इतर जुनं सामान जसं मोडीत जातं तशी तीही जाऊ द्या. जाण्याआधी एकदा चालवून पाहू, असंही मनात आणू नका. तिच्यात जे होतं त्यातलं निघेल तेवढं तुम्ही मला दिलंत, दोन वाक्यं दिलीत. त्यातलं एक वाक्य तिने कवितेत कधीच म्हटलं नसतं. मला पुरेल. आणि यापुढे मी तुमच्या दारात उभा राहून तो प्रश्न विचारणार नाही. तुमच्या घरी येईन. जेवणाचं टेबल जागेवर ठेवा.

अध्यक्ष महोदया, आपल्याला माझी विनंती आहे, की तो ठराव मागे घ्यावा. माझा मान राखून झाला. उद्या सकाळी मुद्रणाची खोली मोकळी आहे, मी चौकशी केली आहे. ब्रेलच्या बाई, तुम्ही बसा. तिच्यासारखं जमणार नाही म्हणालात, तर जमवूच नका. ती जिथे श्वास घ्यायची तिथे तुम्ही घेऊ नका. तुमचा जिथे संपेल तिथे घ्या. कविता त्यातून बरोबर वाट काढते, एवढं मला वर्गात कळलेलं आहे.

आणि आता आपल्या परवानगीने थोडं खासगी.

ती गेली तेव्हा लोक म्हणाले, मास्तर रडले नाहीत, मास्तर खंबीर. कसला खंबीर! मी तिला पोचवून घरी आलो, हातपाय धुतले, आणि मनात म्हटलं, ग्रंथालयात जाऊ. तिथे ती आहेच. म्हणजे मी तिला निरोप असा दिलाच नाही. द्यावासा वाटला नाही, कारण गरज पडली नाही. लोक सांत्वनाला यायचे आणि मला वाटायचं, यांना ठाऊक नाही, जिन्याखाली माझा एक दरवाजा उघडा आहे. माझ्यासाठी ती गेली ती खरोखर त्या दुपारी, कुलूपकाका चपला घालून दारात उभे राहिले तेव्हा. आणि तेव्हाही मी ऐकलं नाही. वर्षभर तिला चमच्याने पाणी पाजायला लावलं.

आजचा समारंभ निरोपाचा आहे. सभागृह भरलेलं आहे, माणसं आपली आहेत, मला पुन्हा असं व्यासपीठ मिळायचं नाही. म्हणून एक निरोप मी माझ्याकडून जोडतो.

अगं, आपण घरातून निघताना ‘जातो’ असं कधी म्हटलं नाही. ‘येतो’ म्हणायचं, अशीच आपल्या बोलण्याची रीत. भाजी आणायला गेलो तरी येतो. तू दवाखान्यात निघालीस तेव्हा तूही ‘येते’ म्हणालीस, आणि मी त्या शब्दाला धरून बसलो. आता नको येऊस. जा तू. मुलांची सोय झाली आहे.

असो.

माझं बोलणं लांबलं, विषय भरकटला, सत्कारमूर्तींच्या कितीतरी गुणांचा उल्लेख राहून गेला. त्यांनी वाचक मंडळींचे घसे जपले, मुलांचे वाढदिवस लक्षात ठेवले, एकाही सुट्टीत यंत्र आजारी पडू दिलं नाही, हे सगळं पुढचे वक्ते सांगतीलच. आजच्या दिवशी न शोभणारं काही माझ्या तोंडून गेलं असेल, एखाद्याच्या खासगी गोष्टी मी विनापरवाना चव्हाट्यावर मांडल्या असतील, तर वयाकडे पाहून पदरात घ्या. कुलूपकाकांना आणि वहिनींना उदंड आयुष्य लाभो, सकाळी उशिरापर्यंत झोपता येवो. आपण सर्वांनी इतक्या शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. पुष्पगुच्छ देण्यासाठी मी अध्यक्ष महोदयांना विनंती करतो.

आणि मला खाली उतरायला कुणीतरी हात द्या. पायऱ्या नीट दिसत नाहीयेत.